घोगरा धागा

शलाका धोंडने कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवला, ओल्या पाचोळ्यात गुडघे टेकले आणि दोन्ही कानांतली यंत्रं काढून डबीत ठेवली. डबीचं झाकण लागताना टक असा आवाज झाला असणार. तिला तो आला नाही.

डबी बंद झाली की मागच्या दोघांना कळायचं, बाई आता आपल्यात नाहीत. मग ते चार पावलं मागे सरकायचे आणि बिनघोर गप्पा मारत बसायचे. एक तिचा नवरा भालचंद्र, हायस्कुलात मराठी शिकवणारा आणि अख्ख्या सावंतवाडी तालुक्यात भजनीबुवा म्हणून गाजलेला. दुसरा त्याचा पखवाजवाला बाबल परब. शलाका रानात कोळ्यांचे फोटो काढायला निघाली की हे दोघे सामान उचलायला यायचे. सामान एक पिशवी, आणि त्यातही निम्मे खायचे घावणे. पण यायचे.

आंबोलीच्या खालच्या अंगाला पाऊस नुकता ओसरला होता. दोन ऐनाच्या झाडांमध्ये दाराएवढं जाळं लागलं होतं. उन्हाचा कवडसा पडला की त्याचे धागे हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखे पिवळे दिसत. मधोमध कोळीण डोकं खाली करून बसली होती. पायांसकट हाताच्या पंजाएवढी, काळीभोर, पोटावर पिवळ्या रेघा. जाळ्याच्या वरच्या कडेला तिचा नर, मुगाच्या दाण्याएवढा. तो मधूनच एखादा धागा छेडायचा आणि वाट बघायचा. कोळीण ढिम्म.

बाबल वाकून बघून गेला. समोरच्याचं बोलणं लिहून दाखवणाऱ्या शलाकाच्या फोनवर अक्षरं उमटली: "वयनी, हो नवरो आसा हिचो? माका वाटला तांदळातलो खडो."

शलाका हसली आणि हाताने त्याला मागे पिटाळलं. मग तिने काच कोळिणीच्या इतकी जवळ नेली की तिच्या पायांवरचे केस मोजता यावेत. श्वास रोखला आणि बटण दाबलं.

हा कॅमेरा तिचा नव्हता. पुण्याच्या एका संशोधन संस्थेने कोकणातल्या चार-पाच जणांना तो वापरून बघायला दिला होता. कोळ्याला कान नसतात. त्याला जे काही ऐकू येतं ते पायांनी, आणि पायांना ते पोचवतं जाळं. कोळ्याचा धागा इतका बारीक असतो की हवा हलली की तोही तिच्याबरोबर हलतो. आवाज म्हणजे तरी काय, हवेचं हलणंच. म्हणजे जाळं हा कोळ्याने अंगाबाहेर काढून टांगलेला कान झाला. हा कॅमेरा सेकंदाला हजारो चित्रं घ्यायचा, डोळ्याला दिसूच शकत नाही अशी धाग्याची थरथर त्यातून वेचायचा आणि तिचा पुन्हा आवाज करायचा. रानात कोळिणीला काय काय ऐकू येतं, हे संस्थेला हवं होतं. माणसं काय बोलतात ते नको होतं. म्हणून माणसाचं बोलणं सापडलं तर ते पुसून टाकायची सोय यंत्रात केलेली होती. ती सोय मराठी ओळखत होती, हिंदी ओळखत होती, इंग्रजी तर ओळखतच होती.

मालवणी कुणी शिकवलेली नव्हती. मालवणीला त्या शहाण्या यंत्राने माणसाचं बोलणं मानलंच नाही. रानातला एक आवाज म्हणून जपून ठेवलं.

शलाकाला हे कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वयंपाकघरात, आमटीला उकळी येत असताना. ध्वनिफीत तिने सरळ कानातल्या यंत्रांत सोडली होती. आधी नराची छेड आली, टिण टिण. मग पानांची सळसळ. आणि मग बाबलचा आवाज, विहिरीच्या पाण्यासारखा स्वच्छ. त्याच्या मागोमाग दुसरा, घोगरा, मधे मधे फाटणारा. तो भालचंद्रचा आहे हे तिला बोलण्याच्या ठेक्यावरून ओळखावं लागलं.

"शलाकाक ह्यातला कायएक कळाक नको," तो म्हणत होता. "तिचा ऑपरेशन होवन जाव दे. मगे सांगतलंय मी."

"आणि तवसर?"

"तवसर गप ऱ्हवायचा. तू पण."

"तिका फसवतंस तू, भालग्या."

एवढ्यात जाळ्यात एक नाकतोडा येऊन आदळला आणि कोळिणीने त्याच्यावर झेप घेतली. पुढे नुसता खडखडाट.

आमटी उतू गेली. गॅस बंद करायचंही तिला सुचलं नाही.

ऑपरेशन तिचं होतं, दिवाळीनंतरचं. पस्तिशीपासून तिचं ऐकणं थोडं थोडं ओसरत गेलं होतं. आता डॉक्टर कानाच्या आतल्या नसेला नवं यंत्र जोडणार होते. त्यात उरलंसुरलं स्वतःचं ऐकणं जाणार. नव्या कानाने पहिले काही महिने माणसं पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखी ऐकू येतात. मग मेंदू शिकतो, आणि ओळखीच्या आवाजावर लवकर शिकतो. रोज संध्याकाळी कुणीतरी शेजारी बसून बोलायला हवं. "कुणीतरी म्हणजे मी," भालचंद्र डॉक्टरांसमोरच म्हणाला होता. तेव्हा तिला केवढं बरं वाटलं होतं.

आणि आता हे. ऑपरेशन झाल्यावर काय सांगणार होता हा माणूस? मन चिंती ते वैरी न चिंती. शलाकाच्या मनाने दुपारपर्यंत सगळं जुळवून ठेवलं. बायकोला ऐकू यायला लागलं की याचं कर्तव्य संपलं. मग हा मोकळा. पंधरा वर्षं मोठ्याने बोलून कोण थकणार नाही?

तिला आणखी एक गोष्ट लागली होती, आणि ती तिला कुणाला सांगताही आली नसती. भालचंद्र तिच्याशी मालवणी बोलत नसे. ती साताऱ्याची. शिवाय तिला ओठ वाचता यावेत, फोनला नीट लिहिता यावं, म्हणून तो तिच्यासमोर तोंड नीट उघडून, एकेक शब्द सुटा करून, वर्गात धडा वाचल्यासारखा बोलायचा. जाळ्यातला भालग्या वेगळाच होता. तो वाक्यं अर्धी सोडत होता. तिला वाटलं, आपण धड्याशीच लग्न केलं की काय.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. सरळ विचारावं तर कसं कळलं ते सांगावं लागणार. आणि विचारलंच तर तो समोर बसून शुद्ध मराठीत, स्पष्ट उच्चारांत खोटं सांगणार.

दिवाळी तोंडावर आली होती. दरवर्षी भालचंद्र बांबूला केरसुणी बांधून घरभरची जळमटं काढायचा. यंदा त्याने बांबू आणला तर शलाका आडवी आली.

"जळमटं राहू देत."

"राहू देत? दिवाळीला?"

"कोळी मोजायचेत मला. संस्थेचं काम आहे."

"घरातले कोळी?"

"घरातले पण."

 मग त्याने बांबू भिंतीला टेकवून ठेवला. भिंतीला कान असतात असं लोक उगाच म्हणत आले. शलाकाच्या घरी आता ते कोपऱ्याकोपऱ्यात लोंबत होते.

मागच्या पडवीत तो फोनवर बोलायला गेला की ती स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या जळमटावर कॅमेरा धरायची. घरातलं जाळं फाटकं, काजळीने जड झालेलं. त्यातून तुकडेच मिळायचे. "नाय, सध्या नाय." "दिवाळी होवंदे, डॉक्टरांनू." तिला वाटलं, तिच्याच ऑपरेशनबद्दल बोलत असेल. एकदा शेजारच्या मालुताई आल्या तेव्हा शलाकाने त्यांच्यासमोर मुद्दाम यंत्रं काढून डबीत ठेवली आणि चहा टाकायच्या निमित्ताने आत कॅमेऱ्यापाशी गेली. नंतर ऐकलं तर मालुताई त्याला सांगत होत्या, "बायल तुझी गुणी आसा रे, पण तिच्याशी बोलान माझो घसो बसता." शलाकाला रडू आलं आणि राग आला. पण राग मालुताईंचा नव्हता. चांगल्या बाईला जाळ्यात धरायची आपल्याला काय गरज होती? तरी दुसऱ्या दिवशी तिने कॅमेरा पुन्हा लावला. वाईट सवयीला शिकवणी लागत नाही.

एक मात्र तिला खटकत होतं. रानात असो की घरात, बाबलचा आवाज स्वच्छ यायचा, मालुताईंचा स्वच्छ यायचा आणि भालचंद्रचा घोगरा. तिने संस्थेतल्या नूपुर नावाच्या मुलीला कळवलं, की एका पुरुषाचा आवाज यंत्र बिघडवतंय, दुरुस्त करा. नमुन्याला रानातला तुकडाही जोडून दिला.

दोन दिवसांनी नूपुरचं उत्तर आलं. "ताई, तपासलं. दोन्ही आवाज एकाच धाग्यावरून घेतलेत, त्यामुळे यंत्राचा दोष असता तर दोन्हींत दिसला असता. त्या गृहस्थांचा घसाच तसा असणार. आणि हे बोलणं आमच्याकडे यायलाच नको होतं. मी पुसून टाकतेय. तुम्हीही पुसा."

शलाका फोन हातात धरून मागच्या दारात बसून राहिली.

भालचंद्रचा घसा? तिला तो कसा कळणार होता? समोर कुणी बोललं की कानातली यंत्रं सगळ्यांचे आवाज एकाच इस्त्रीने सपाट करायची; ध्वनिफीत सरळ आत सोडली तेव्हाच काय तो फरक कळला. बाकीचं ती फोनवर वाचायची, आणि लिहिलेली अक्षरं कधी घोगरी होत नाहीत. आता एकेक आठवू लागलं. गणपतीपासून त्याने एकही बारी घेतली नव्हती. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसून भजनात एकमेकांना चीत करणार, आणि भालचंद्र त्यासाठी जीव टाकायचा. "नव्या पोरांना संधी नको का?" असं म्हणाला होता. सुकटाची चटणी ताटात तशीच राहायला लागली होती. आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात गळ्याला पंचा.

ती तशीच बाजारात गेली. भाजीवालीने कोथिंबीर बांधता बांधता विचारलं ते फोनवर उमटलं: "बुवांचो घसो कसो आसा आता?"

म्हणजे साऱ्या गावाला ऐकू येत होतं. एका तिला सोडून.

रात्री जेवताना ती म्हणाली, "बुवा, रविवारी पुन्हा त्या कोळिणीकडे जाऊ या. फोटो नीट आले नाहीत." सगळे तसं म्हणतात म्हणून लग्नापासून तीही त्याला बुवाच म्हणायची. त्याने पाण्याचा घोट सावकाश गिळला आणि मान हलवली. कधी नव्हे ते तिने त्याचा गळा हलताना बघितला.

रविवारी कोळीण तिथेच होती, पोट आणखी फुगलेलं. नरही कडेला होता. शलाकाने तिपाई लावली. या वेळी कॅमेऱ्याचा आवाज तिने सरळ फोनला जोडून दिला होता. समोरच्याचं बोलणं लिहून दाखवणाऱ्या त्या फोनला तिने सासूबाईंसाठी कधीच मालवणी शिकवलेली होती. फोन तिने तिपाईच्या पायाशी, आपल्या अंगाच्या आडोशाला ठेवला. मग जरा जास्तच सावकाश, दोघांना दिसेल अशी, यंत्रं काढून डबीत ठेवली.

आपण आता कोळीण झालो, असं तिला वाटलं आणि स्वतःची शिसारी आली. पण ती हलली नाही.

बराच वेळ फोनवर काही नव्हतं. मग अक्षरं यायला लागली.

"वयनीन जळमटा ठेवल्यान म्हणतंस? दिवाळीक?"

"ठेवल्यान. कोळी मोजता."

"भालग्या, डॉक्टर काय म्हणता?"

"तोच एक पाढो. गाठ वाढता. म्हयन्याभरात काढूक होयी, नायतर जीवार येतला."

"आणि आवाज?"

"आवाज गाठीबरोबर जातलो."

 काचेत कोळीण होती, प्रत्येक पाय वेगळ्या धाग्यावर. अक्षरं येतच होती.

"मगे कर ना, मेल्या."

"सा म्हयने थांबतलंय. तिका नव्या कानान आयकाक शिकूचा आसा. माझ्या आवाजार. मी गप झालंय तर ती कोणाचा आयकतली?"

"तुझी भजना घरात ढीगभर पडली आसत. ती आयकतली."

"भजना उत्तर देनत नाय, बाबल."

"आणि सा म्हयन्यांनी मढा देतला उत्तर? खोटा नको बोलू. तिच्यासाठी थांबाक नाय तू. भियालंस. बुवाचो आवाज गेलो की बुवा कसलो, ह्या भय तुका. तिच्या कानाआड दडतंस तू."

 फोन कोरा राहिला. पण काचेतल्या जाळ्याचा वरचा धागा बारीक थरथरत होता. वारा नव्हता. नर आपल्या कडेला गप्प बसला होता. फोनने थोडा वेळ वाट पाहिली आणि लिहिलं: "माणसाचा आवाज. शब्द नाहीत."

शलाका उठली. पाय बधिर झाले होते म्हणून झाडाला धरून उठली आणि वळली. भालचंद्र करवंदीच्या झुडपापाशी उकिडवा बसला होता, तोंडात पंचाचा बोळा कोंबून. बाबल त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. तिला बघताच भालचंद्रने पंचा काढला, डोळे पुसले, चेहरा सरळ केला. मास्तर वर्गात शिरताना करतात तसा.

"झाले का फोटो?" तो म्हणाला. हे तिने ओठांवरून वाचलं. एकेक शब्द सुटा.

"माझ्याशी मालवणीत बोला," ती म्हणाली.

 तिने फोन उचलून त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं, अंगठ्याने वर सरकवत पुन्हा वाचलं. मग त्याने जाळ्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि घरातली जळमटं का राहिली ते त्याला कळलं असावं. त्याचा चेहरा पडला. मग तो संतापला. हात उडवत काहीतरी जोरात बोलला. फोन त्याच्याच हातात होता आणि यंत्रं डबीत, त्यामुळे तिला त्यातलं काही कळलं नाही. बाबलने त्याचा दंड धरला.

"चुकलं माझं," शलाका म्हणाली. आपला आवाज किती मोठा होतोय याचा तिला अंदाज नव्हता. "चोरून ऐकलं. पहिल्यांदा चुकून, नंतर ठरवून ऐकलं. तुम्ही मला सोडून जाणार असं वाटलं होतं मला. हे असलं सोडून जाणं डोक्यातही आलं नव्हतं."

त्याचा उडवलेला हात खाली आला.

"पंधरा वर्षं तुम्हाला जे काही मनातलं बोलायचं ते मी कान काढून ठेवल्यावर बोलायचा. ते मला ऐकायचं होतं. दुसरं काही नको होतं."

तिने मागे जाऊन कॅमेऱ्याच्या काचेवर झाकण लावलं. फोन त्याच्या हातातून घेऊन बंद केला आणि बाबलकडे दिला. मग भालचंद्रसमोर पाचोळ्यात बसली, त्याच्या गळ्याचा पंचा सोडला आणि उजव्या हाताचा तळवा त्याच्या गळ्यावर ठेवला.

"आता बोला. कान नाहीत, यंत्र नाही. तुमच्या भाषेत बोला."

त्याने मान हलवली. नको म्हणून. तिने हात काढला नाही. रान आपल्या कामात होतं. बाबल पाठ करून कोळिणीकडे बघत उभा राहिला.

मग तिच्या तळव्याखाली काहीतरी हललं. आधी एकच हुंदका, अडकलेला. मग थरथर सुरू झाली, लांब, खडबडीत, मधे मधे तुटणारी. त्याचे ओठ नेहमीसारखे सुटे सुटे हलत नव्हते, ते तिला वाचता येत नव्हते, आणि तिने वाचायचा प्रयत्नही केला नाही. तिने डोळे मिटले. एका जागी, उजव्या बाजूला, थरथर अडखळत होती. तिथे तिने बोटं टेकवून ठेवली. काय बोलत होता कोण जाणे. भीती होती, एवढं तळव्याला कळत होतं. बराच वेळ बोलला.

थरथर थांबल्यावर तिने डोळे उघडले.

"आधी तुमचं ऑपरेशन," ती म्हणाली. "माझे कान थांबतील. नंतर मी हातानेच ऐकेन, नाहीतर तुम्ही पाटीवर लिहा. मास्तर आहात."

त्याला हसू आलं की रडू, ते त्यालाच ठरवता येईना.

घरी आल्यावर तो डॉक्टरांना फोन लावायला मागच्या पडवीत निघाला, आणि दारातून परत फिरला. स्वयंपाकघरातच, तिच्यासमोर उभं राहून त्याने नंबर लावला. शलाकाने भिंतीला टेकवलेला बांबू उचलला, त्याला केरसुणी बांधली आणि खिडकीतल्या जळमटापासून सुरुवात केली.